‘अ‍ॅक्रेडिटेड’ आहे, पण कुणाकडून? अमेरिकेतल्या कॉलेजांची दोन पत्रं शेजारी ठेवून

मार्चमधल्या एका सकाळी भाच्याने दोन अ‍ॅडमिट लेटरचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "मावशी, दोन्ही अ‍ॅक्रेडिटेड आहेत. मग स्वस्तातलं घेऊ ना?"

एक पत्र अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या सरकारी विद्यापीठाचं, एमएस कॉम्प्युटर सायन्ससाठी. दुसरं कॅलिफोर्नियातल्या एका खासगी कॉलेजचं, विषय तोच, फी जवळजवळ निम्मी. कोल्हापुरात ताई आणि दाजी घर तारण ठेवायची तयारी करून बसलेले. फीमधला फरक म्हणजे त्यांच्या दृष्टीने पाच-सहा वर्षांचे हप्ते. मुलाचा प्रश्न साधा आणि रास्त होता.

मी न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या रजिस्ट्रार ऑफिसात पंधरा वर्षं ट्रान्स्क्रिप्ट वाचते आहे. दुसरीकडून आलेल्या विद्यार्थ्याचे कोणते क्रेडिट धरायचे आणि कोणते नाही, हे ज्या टेबलावर ठरतं तिथे बसते. आणि या टेबलावरून मला जे दिसतं ते एवढंच, की ‘अ‍ॅक्रेडिटेड’ (म्हणजे मान्यताप्राप्त) हा एकच शब्द इथे तीन-चार निराळ्या गोष्टींना लावतात आणि त्यातली कुठली हातात आहे हे पोरांना बहुतेक वेळा फार उशिरा कळतं. भाच्याला फोनवर तासभर जे सांगितलं, तेच इथे जरा नीट मांडते आहे.

‘राष्ट्रीय’ म्हणजे मोठं, हा आपला समज

आपल्याकडे राष्ट्रीयीकृत बँक म्हटलं की पतसंस्थेपेक्षा भक्कम, राष्ट्रीय पातळीवर खेळला म्हटलं की जिल्ह्यापेक्षा वरचढ. त्यामुळे एका कॉलेजच्या पत्रावर ‘रिजनल’ आणि दुसऱ्याच्या पत्रावर ‘नॅशनल’ अ‍ॅक्रेडिटेशन दिसलं, की दाजींसारख्या माणसाचा कौल आपोआप दुसऱ्याकडे जातो. अमेरिकेत हे बरोबर उलट आहे. हार्वर्ड, कोलंबिया, मिशिगन, जॉर्जिया टेक, स्टॅनफर्ड, सगळी ‘रिजनल’ म्हणवणाऱ्या संस्थांची मान्यता असलेली. ‘नॅशनल’ संस्थांकडे मुख्यतः व्यवसाय शिक्षण देणारी कॉलेजं, पत्राद्वारे किंवा ऑनलाइन शिकवणाऱ्या संस्था आणि धार्मिक शिक्षणाची कॉलेजं आली.

असं का झालं, याला इतिहास आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षण हा विषय संघराज्याकडे दिलेलाच नाही. आपल्या यूजीसीसारखं विद्यापीठांना मान्यता देणारं केंद्रीय खातं तिथे कधीच नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कॉलेजांपुढे अडचण अशी, की कुठल्या शाळेतून आलेला मुलगा तयारीचा आहे हे कळायचं कसं? शाळांची उलटी तक्रार, की प्रत्येक कॉलेजची प्रवेशाची अट निराळी, आम्ही शिकवायचं काय? मग आसपासच्या शाळा आणि कॉलेजं एकत्र बसली. न्यू इंग्लंडमध्ये १८८५ साली, मिडल स्टेट्समध्ये १८८७ साली, दक्षिणेत आणि उत्तर-मध्य भागात १८९५ साली, वायव्येत १९१७ साली अशा संघटना झाल्या. त्यांतल्या उत्तर-मध्य संघटनेने, म्हणजे नॉर्थ सेंट्रलने, १९१३ साली मान्यताप्राप्त कॉलेजांची पहिली यादी काढली. म्हणजे ‘प्रादेशिक’ हे नाव आगगाडीच्या काळातलं आहे. शेजारची म्हणून जी कॉलेजं एकत्र बसली, तितका प्रदेश. दर्जाचा आणि त्या नावाचा संबंध नंतर जुळत गेला.

सरकार यात मागच्या दाराने आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाला सरकार पैसे देऊ लागलं, तेव्हा रातोरात उघडलेल्या बोगस शाळांनी हात धुऊन घेतले. म्हणून १९५२ च्या कायद्याने ठरलं, की ज्या अ‍ॅक्रेडिटेशन संस्थांवर सरकारचा विश्वास आहे त्यांची यादी काढायची आणि पैसे देताना तिचा आधार घ्यायचा. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने हीच रचना पक्की केली. आजही अमेरिकेचं शिक्षण खातं कॉलेजांना मान्यता देत नाही. मान्यता देणाऱ्यांना मान्यता देतं. शिवाय १९९६ साली स्थापन झालेली ‘चिया’ ही विद्यापीठांचीच संस्था स्वतःची वेगळी यादी ठेवते.

चार कागद, चार अर्थ

भाच्याला मी म्हटलं, दोन्ही पत्रं बाजूला ठेव आणि आधी त्यांवर नेमकं कोणतं वाक्य आहे ते मला वाचून दाखव. कारण तिथे चारपैकी काहीही असू शकतं.

कधी लिहिलेलं असतं ‘स्टेट अ‍ॅप्रूव्ह्ड’ किंवा राज्याने ‘चालवण्यास परवानगी दिलेलं’. हा दुकानाचा गुमास्ता परवाना समजा. शटर उघडायला परवानगी आहे, माल कसा आहे याबद्दल त्यात अवाक्षर नाही. त्याच जोडीला असतं ‘आय-ट्वेंटी देण्यास पात्र’, म्हणजे परदेशी विद्यार्थी घेण्याची गृहसुरक्षा खात्याची परवानगी. आपले कन्सल्टंट या परवानगीला सर्रास ‘गव्हर्न्मेंट अ‍ॅप्रूव्हल’ म्हणतात आणि पालक निर्धास्त होतात. ही परवानगी अ‍ॅक्रेडिटेशनशिवायही मिळू शकते. तीन अ‍ॅक्रेडिटेड संस्था आमचे क्रेडिट बिनशर्त स्वीकारतात, एवढं दाखवलं तरी चालतं. कॅलिफोर्नियातल्या प्लेझंटनच्या ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीने नेमकी हीच पळवाट वापरली आणि त्यासाठी खोटी पत्रं जोडली. जानेवारी २०११ मध्ये छापा पडला तेव्हा तिथे हजारावर भारतीय विद्यार्थी होते, त्यांतले बरेच आंध्र प्रदेशातले. काहींच्या पायात माग काढणारी यंत्रं अडकवली गेली. संस्थाचालक बाईला पुढे सोळा वर्षांहून अधिक तुरुंगवास झाला, पण त्या पोरांची वर्षं आणि आईबापांचं कर्ज कुणी परत केलं नाही.

तिसरा अर्थ संस्थेच्या अ‍ॅक्रेडिटेशनचा, आणि त्याच्यातच रिजनल आणि नॅशनल असे दोन प्रकार. चौथा अर्थ एखाद्या अभ्यासक्रमाच्या अ‍ॅक्रेडिटेशनचा: इंजिनिअरिंगला ‘अबेट’, बिझनेस स्कूलला ‘एएसीएसबी’, फार्मसीला ‘एसीपीई’, फिजिकल थेरपीला ‘कॅप्टी’. आपल्याकडच्या जोडीशी ताडून पाहायचं तर संस्थेचं अ‍ॅक्रेडिटेशन म्हणजे नॅक आणि अभ्यासक्रमाचं म्हणजे एनबीए. पण एक मोठा फरक आहे. नॅकची ए प्लस, ए डबल प्लस अशी श्रेणी लावायची पद्धत आपल्या अंगवळणी पडली आहे. अमेरिकेत अशी श्रेणीच नाही. मान्यता आहे किंवा नाही. त्यामुळे ‘हे रिजनली अ‍ॅक्रेडिटेड आहे’ म्हणजे ‘हे चांगलं आहे’ असं होत नाही. उंबरठा ओलांडलाय, एवढंच त्यातून कळतं. आत घर कसं आहे ते तुम्हाला वेगळं पाहावं लागतं.

उंबरठा ओलांडायला काय लागतं

रिजनल संस्थेच्या तपासणीत विद्यापीठ आधी स्वतःचा लांबलचक अहवाल लिहितं: शिक्षक किती, पैसा कुठून येतो, पदवी घेतलेल्यांना काय येतं, निर्णय कोण घेतं. मग दुसऱ्या विद्यापीठांतल्या प्राध्यापक-प्रशासकांचा चमू येऊन दोन-तीन दिवस राहतो, कागद आणि माणसं दोन्ही पाहतो. शेवटचा निर्णय त्या रिजनल संस्थेचं कमिशन घेतं. हे चक्र हायर लर्निंग कमिशन (जुन्या नॉर्थ सेंट्रलचं आजचं कमिशन), न्यू इंग्लंड आणि दक्षिणेच्या कमिशनकडे दहा वर्षांचं, मिडल स्टेट्सकडे आठ, वायव्येकडे सात वर्षांचं. मधल्या काळातही अहवाल द्यावे लागतातच. आमच्या कॉलेजची अशी तपासणी आली तेव्हा मी पाच-पाच वर्षं जुन्या फायली काढून दिल्या आहेत. ते प्रकरण दिखाऊ नसतं, हे मी जवळून पाहिलेलं आहे.

नॅशनल संस्थांचीही तपासणी असते. कागदोपत्री पायऱ्या बऱ्याचशा त्याच. फरक पडतो तो विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत. व्यवसाय शिक्षणाच्या कॉलेजला विचारतात, की अभ्यासक्रम किती जणांनी पुरा केला, त्यांतल्या किती जणांना त्या कामाची नोकरी लागली. वेल्डिंग किंवा एसी दुरुस्ती शिकवणाऱ्या शाळेला हाच प्रश्न विचारायला हवा, त्यात चूक काहीच नाही. त्याच मापाने मास्टर्सची पदवी मोजायची म्हटली, की संशोधन, ग्रंथालय, प्राध्यापकांची पात्रता या गोष्टी मागे पडतात.

एसीआयसीएस नावाच्या नॅशनल संस्थेची गोष्ट या निवडीसाठी कळीची आहे. कोरिंथियन आणि आयटीटी टेक या नफ्यासाठी चालणाऱ्या अवाढव्य साखळ्यांच्या कॉलेजांना तिची मान्यता होती. कोरिंथियन २०१५ साली बंद पडली. आयटीटीने २०१६ च्या सप्टेंबरमध्ये १३० च्या वर कॅम्पस एकदम बंद केले. त्याच वर्षी सरकारने एसीआयसीएसचीच मान्यता काढली, २०१८ मध्ये परत दिली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये कायमची काढून घेतली. भारतीय मुलांना याची झळ आधीच लागली होती. डिसेंबर २०१५ मध्ये एअर इंडियाने हैदराबादहून निघालेल्या काही विद्यार्थ्यांना विमानात बसू दिलं नाही. ते ज्या दोन कॅलिफोर्नियन संस्थांकडे निघाले होते, त्या दोन्हींना एसीआयसीएसचीच मान्यता होती. कागदावर दोन्ही ‘अ‍ॅक्रेडिटेड’. त्यांतली एक पुढे बंद पडली. दुसरीने रिजनल मान्यता मिळवली आणि नाव बदललं.

तोच शब्द, चार दारांवर

तुलना फीची करण्याआधी पुढच्या दारांची करा, असं माझं म्हणणं आहे. डिग्री हातात आल्यावर ती कुठे दाखवायची आहे?

पहिलं दार दुसऱ्या कॉलेजचं. एमएसनंतर पीएचडी करायची असेल, किंवा मधेच कॉलेज बदलावं लागलं, तर क्रेडिट चालतील का? रिजनलकडून रिजनलकडे जाताना चर्चा विषयांवर होते: अभ्यासक्रम जुळतो का, ग्रेड काय. नॅशनलकडून रिजनलकडे येताना बऱ्याच ठिकाणी चर्चा सुरूच होत नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण खात्याने २०१७ साली काढलेल्या अहवालानुसार कॉलेज बदलणाऱ्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया जातात. हा आकडा सगळ्यांचा मिळून आहे. माझ्या टेबलावर एकदा एक मुलगी आली होती, एका करिअर कॉलेजमध्ये दोन वर्षं शिकलेली, उत्तम ग्रेड असलेली, कर्ज काढून फी भरलेली. तिचा एकही क्रेडिट आमच्या नियमात बसला नाही. तिने विचारलं, "मग मी दोन वर्षं काय केलं?" त्या दिवशी मला तिच्याशी धड बोलता आलं नव्हतं.

इथे एक बारकावा सांगायला हवा. १ जुलै २०२० पासून अमेरिकेच्या शिक्षण खात्याने रिजनल आणि नॅशनल हा भेद आपल्या नियमांतून काढून टाकला आहे. आता सगळ्या ‘इन्स्टिट्यूशनल’, आणि कुणीही देशात कुठेही काम करू शकतं. नॅशनल मान्यतेची कॉलेजं जाहिरातीत हेच सांगतात, आणि कायद्याच्या अक्षराने ते खरं आहे. पण नियमपुस्तकातून शब्द गेला म्हणून प्रवेश समित्यांच्या डोक्यातून जात नाही. कितीतरी विद्यापीठांच्या प्रवेशाच्या पानांवर आजही ‘रिजनली अ‍ॅक्रेडिटेड’ हेच शब्द आहेत. क्रेडिट घ्यायचे की नाही, हा निर्णय ज्याच्या त्याच्या हातात आहे आणि सरकार त्यात पडत नाही.

दुसरं दार नोकरीचं आणि व्हिसाचं, आणि भाच्याच्या प्रकरणात निकाल इथेच लागला. ओपीटीचं, म्हणजे पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करायच्या परवानगीचं, पहिलं वर्ष झाल्यावर तंत्र-विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना २४ महिन्यांची वाढ मिळते. तिच्यासाठी शिक्षण खात्याने मान्य केलेल्या संस्थेचं अ‍ॅक्रेडिटेशन लागतं. रिजनल असो वा नॅशनल, दोन्ही चालतं. इथपर्यंत दोन्ही पत्रं बरोबरीत. मग येतो एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. वर्षाच्या ६५,००० व्हिसांवर अमेरिकी मास्टर्सवाल्यांसाठी २०,००० वेगळे राखून ठेवलेले आहेत. त्या २०,००० मध्ये बसायला कॉलेज अ‍ॅक्रेडिटेड हवंच, शिवाय ते सरकारी किंवा ना-नफा तत्त्वावरचं हवं. नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजची मास्टर्स पदवी तिथे धरत नाहीत, मग अ‍ॅक्रेडिटेशन कुणाचंही असो. २०१७ च्या एका निर्णयाने हेही स्पष्ट झालं, की पदवी मिळाली त्या दिवशी कॉलेज या अटीत बसत होतं का, एवढंच पाहायचं. नंतर मान्यता मिळाली तर उपयोग नाही.

भाच्याच्या दुसऱ्या पत्रातलं कॉलेज नफ्यासाठी चालणारं होतं. हे त्याला माहीत नव्हतं. कन्सल्टंटने सांगितलं नव्हतं आणि पत्रावर ते लिहिलेलं असण्याचं कारणही नाही. एकदम फोनवर गप्प झाला.

तिसरं दार व्यवसायाच्या परवान्याचं. इथे संस्थेपेक्षा अभ्यासक्रमाचं अ‍ॅक्रेडिटेशन जड पडतं. फिजिकल थेरपिस्ट, फार्मसिस्ट, आर्किटेक्ट व्हायचं असेल तर विद्यापीठ कितीही नावाजलेलं असो, त्या अभ्यासक्रमाला त्या-त्या संस्थेची मान्यता नसेल तर परवान्याची वाट अडते किंवा फार लांबते. सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) परवान्यासाठी बहुतेक राज्यं अबेट-मान्य बॅचलर पदवी विचारतात. आपली मुलं बीई भारतात करून येतात, म्हणून त्यांनी उलटा प्रश्न विचारायचा: माझ्या भारतातल्या पदवीला एनबीए आहे का? भारत २०१४ पासून वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मानण्याच्या देशोदेशींच्या कराराचा, पूर्ण सदस्य आहे, पण त्याचा लाभ एनबीएच्या ‘टिअर-वन’ मान्यतेला, म्हणजे विद्यापीठांच्या स्वतःच्या विभागांना आणि स्वायत्त कॉलेजांना मिळतो. संलग्न कॉलेजच्या ‘टिअर-टू’ला मिळत नाही. तसंच तीन वर्षांच्या बीएस्सी-बीकॉमवाल्यांनी आपल्या कॉलेजची नॅक श्रेणी पाहून ठेवावी. डब्ल्यूईएससारख्या, परदेशी पदव्यांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्था अशा पदवीला अमेरिकी बॅचलरच्या बरोबरीची धरताना नॅकची ‘ए’ किंवा त्यावरची श्रेणी विचारात घेतात. आपल्याकडे नॅकची चमू येणार म्हटल्यावर भिंती रंगवल्या जातात, तेव्हा मुलांना वाटतं आपला काय संबंध. संबंध इथे, सातासमुद्रापार येऊन लागतो.

कॉम्प्युटर सायन्सच्या एमएसला मात्र परवाना वगैरे काही नाही. त्या पदवीला अबेट नसलं तर घाबरू नका. देशातल्या उत्तमोत्तम विद्यापीठांच्या एमएसलाही ते बहुधा नसतंच.

चौथं दार परतीचं. भारतात येऊन सरकारी नोकरी किंवा प्राध्यापकी करायची असेल तर समकक्षता लागते. वर्षानुवर्षं हे काम एआययूकडे, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या संघटनेकडे होतं. एप्रिल २०२५ मध्ये यूजीसीने परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी स्वतःचे नियम काढले. परदेशी संस्था त्या देशात रीतसर मान्यताप्राप्त असणं ही त्यातली पायाभूत अट आहे. खासगी कंपनीत जाणाऱ्याला याची गरज क्वचितच पडते.

रिजनल आहे म्हणून डोळे मिटू नका

आता दुसऱ्या बाजूचं. मी रिजनलच्या बाजूने झुकलेली आहे हे दिसतंच आहे, पण त्याला आंधळेपणाने कवटाळणाऱ्यांचंही नुकसान झालेलं पाहिलं आहे.

फिलाडेल्फियाची युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स ही जुनी, नावाजलेली, मिडल स्टेट्सची मान्यता असलेली. ३१ मे २०२४ ला जाहीर झालं, की ७ जूनला ती बंद होणार. आठवडाभराची मुदत. मिडल स्टेट्सने १ जूनला मान्यता काढून घेतली. म्हणजे कमिशनलाही वेळेवर सुगावा लागला नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजची गोष्ट निराळी. २०१२ मध्ये गंभीर ताशेरे, २०१३ मध्ये मान्यता काढायचा ठराव, मग कोर्टकचेऱ्या, आणि २०१७ च्या जानेवारीत मान्यता पूर्ववत. कॉलेज वाचलं, मधल्या काळात हजारो विद्यार्थी मात्र सोडून गेले. २०१५ मध्ये चॅपल हिलच्या युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायनाला वर्षभर ‘प्रोबेशन’वर ठेवलं होतं, न भरणाऱ्या वर्गांचे ग्रेड दिल्याबद्दल. तिथल्या पदवीची किंमत त्याने कमी झाली नाही.

म्हणून ‘वॉर्निंग’, ‘प्रोबेशन’, ‘शो कॉज’ असे शब्द दिसले तर कारण वाचा. कारण कागदपत्रांचं किंवा कारभाराचं असेल तर मोठी संस्था ते निस्तरते. कारण पैशाचं असेल आणि कॉलेज लहान, खासगी असेल, तर मी माझ्या भाच्याला तिथे पाठवणार नाही.

आणि फार्मिंग्टन विसरू नका. मिशिगनमधली ‘युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन’ ही अमेरिकी सरकारनेच लावलेली सापळ्याची संस्था होती. जानेवारी २०१९ मध्ये ते उघड झालं. ना वर्ग, ना शिक्षक. तिथे नाव घातलेल्या सुमारे सहाशे जणांत बहुसंख्य भारतीय होते. एका खऱ्याखुऱ्या अ‍ॅक्रेडिटेशन संस्थेच्या यादीत तिचं नाव दिसत होतं, कारण सरकारच्या विनंतीवरून ते घातलं गेलं होतं. त्या मुलांनी यादी तपासली असती तरी नाव सापडलंच असतं. पण वर्गच नसलेलं, फक्त कामाचा परवाना मिळवून देणारं विद्यापीठ हे काही विद्यापीठ नव्हे, हे कळायला यादी लागत नाही. पहिल्या दिवसापासून पूर्णवेळ नोकरी करता येईल असं सांगणारं कॉलेज रिजनली अ‍ॅक्रेडिटेड असलं, तरी पुढे व्हिसाच्या टेबलावर प्रश्न तुम्हालाच विचारले जातात.

कुणी काय निवडावं

भाच्यासारख्या, भारतातून एमएसला निघालेल्या आणि मागे कर्ज असलेल्या मुलाला माझं उत्तर स्पष्ट आहे: रिजनल मान्यतेचं, सरकारी किंवा ना-नफा विद्यापीठ. याला मी अपवाद करणार नाही. आणि एक गैरसमज इथेच मोडायला हवा, की निवड ‘महाग रिजनल’ आणि ‘स्वस्त नॅशनल’ यांतलीच आहे. स्वस्त रिजनलही भरपूर आहेत. राज्यांच्या दुसऱ्या फळीतल्या सरकारी विद्यापीठांची नावं आपल्याकडे कुणी घेत नाही, कन्सल्टंटला तिथून कमिशन मिळत नसेल तर यादीत येतही नाहीत. त्यांची फी बऱ्याचदा त्या खासगी कॉलेजच्या आसपासच असते.

लग्न होऊन इथे आलेल्या, कामाचा परवाना हातात असलेल्या आणि वर्षभरात कमवायला लागायचं असलेल्या बाईची गोष्ट वेगळी. डेंटल असिस्टंट किंवा मेडिकल कोडिंगचा कोर्स नॅशनल मान्यतेच्या करिअर स्कूलमधून केला तर नोकरी लागायला अडचण येत नाही. तरीही मी सांगेन, आधी घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये तोच कोर्स आहे का पाहा. स्थानिक रहिवाशाला तिथे वर्षाला साधारण ४,००० डॉलर फी पडते, आणि पुढे नर्सिंग करावंसं वाटलं तर ते क्रेडिट तुमच्याबरोबर येतात. आज पुढे शिकायचं मनात नसतं. पाच वर्षांनी असतं.

ऑनलाइन पदवीवाल्यांनी मान्यतेची तारीख पाहावी. युनिव्हर्सिटी ऑफ द पीपलला २०१४ पासून नॅशनल मान्यता होती, रिजनल मान्यता २०२५ मध्ये मिळाली. दोन्ही काळांतले पदवीधर आपली गुणपत्रिका दाखवताना वेगळा अनुभव घेऊ शकतात.

सध्या अ‍ॅक्रेडिटेशनचं राजकारणही तापलेलं आहे. फ्लोरिडाने २०२२ मध्ये आपल्या सरकारी विद्यापीठांना कमिशन बदलायला लावणारा कायदा केला आणि २०२५ च्या जूनमध्ये दक्षिणेतल्या सहा राज्यांच्या विद्यापीठ-व्यवस्थांनी स्वतःचं नवं कमिशन काढायची घोषणा केली. तुमचं विद्यापीठ त्या राज्यांतलं असेल तर शिकता शिकता कमिशनचं नाव बदलू शकतं. जुन्याची मान्यता चालू असताना नवी येत असेल तर विद्यार्थ्याला धक्का लागत नाही. तेवढं विचारून घ्यावं.

तपासायचं कसं

कॉलेजच्या वेबसाइटवर विश्वास ठेवू नका, कन्सल्टंटच्या घडीपत्रिकेवर तर नाहीच. अमेरिकेच्या शिक्षण खात्याची ‘डॅपिप’ नावाची मोफत यादी आहे. तिथे कॉलेजचं पूर्ण नाव आणि गाव टाका. मान्यता कुणाची, कधीपासून, सध्या काही ताशेरे आहेत का, कुठले कॅम्पस धरलेत, सगळं दिसतं. मग त्या कमिशनच्या स्वतःच्या साइटवर जाऊन तेच पुन्हा पाहा. एखादं विद्यापीठ बोस्टनमधलं असतं आणि तुमचं पत्र भलत्याच शहरातल्या शाखेचं असतं, म्हणून कॅम्पस पाहायचा. ‘एएसीएसबी मेंबर’ आणि ‘एएसीएसबी अ‍ॅक्रेडिटेड’ या दोन गोष्टी आहेत. मेंबर वर्गणी भरून होता येतं. ‘कँडिडेट’ म्हणजे अर्ज विचारात आहे, मान्यता अजून मिळायची आहे. आणि ज्या अ‍ॅक्रेडिटेशन संस्थेचं नावच शिक्षण खात्याच्या किंवा ‘चिया’च्या यादीत नाही, तिने दिलेल्या प्रमाणपत्राला कितीही सोनेरी किनार असो, ते बाजूला ठेवा.

भाच्याने त्या रात्री दोन्ही रजिस्ट्रारना ईमेल लिहिली. तीनच प्रश्न: तुमचं अ‍ॅक्रेडिटेशन कुणाचं आणि पुढची तपासणी कधी, तुम्ही ना-नफा आहात का, तुमच्या एमएसनंतर गेल्या काही वर्षांत कुणी दुसऱ्या विद्यापीठात पीएचडीला गेलंय का. सरकारी विद्यापीठाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, लिंकसकट, चार ओळींचं. खासगी कॉलेजकडून ईमेलचं उत्तर आलं नाही. प्रवेश विभागातून फोन आला. या आठवड्यात डिपॉझिट भरलं तर फीमध्ये आणखी सूट देऊ म्हणाले.

दाजींनी मला त्यानंतर फोन केला. सरकारी विद्यापीठाचा खर्च झेपत नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं, आणि त्यांचं बरोबर होतं. घर तारण ठेवूनही ओढाताण झाली असती. मग आम्ही तिघांनी व्हिडिओ कॉलवर बसून हायर लर्निंग कमिशन आणि दक्षिणेच्या कमिशनच्या याद्या उघडल्या, लहान गावांतली सरकारी विद्यापीठं काढली, प्रत्येकाची परदेशी विद्यार्थ्यांची फी एका वहीत उतरवली. साडेतीन तास गेले. वहीत सात नावं झाली, त्यांतली चार दाजींच्या हिशोबात बसणारी. ऑगस्टच्या प्रवेशासाठी अर्जाची मुदत त्यांतल्या दोन विद्यापीठांची टळून गेली होती, उरलेल्या दोघांची एप्रिलच्या अखेरपर्यंत होती. भाचा दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्रान्स्क्रिप्टच्या सीलबंद प्रती आणायला विद्यापीठात रांगेत उभा राहिला.